घरगुती माहिती-भांडार आणि विजेची काटकसर

पूर्वीं सुखवस्तु घरांत कागदपत्रांची एक शिसवी पेटी असे. तींत जमिनीचे दस्तऐवज, मुलांच्या जन्मपत्रिका, वडील मंडळींचीं पत्रें आणि लग्नसमारंभांतलीं चार छायाचित्रें एवढा ऐवज मावत असे. आणि पेटीला कुलूप लावलें कीं तिच्यापायीं दमडीचाहि खर्च नसे. आजच्या घराचा हा ऐवज कागदावर राहिलेला नाहीं. आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज, नातवंडांचीं हजारों छायाचित्रें, जुन्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, विमा व बँकेचे कागद, हें सर्व आतां अंकांच्या रूपानें सांठविलें जातें. हा सांठा परक्याच्या हवालीं न करतां आपल्याच छताखालीं ठेवण्याची ज्या घराची इच्छा असते, त्या घरांत पुस्तकांच्या कपाटाशेजारीं एक लहानसा स्टोरेज सर्व्हर रात्रंदिवस चालूं असतो. पेटीला वीज लागत नसे, याला लागते. देव्हाऱ्यांतील नंदादीपाप्रमाणें हा अखंड तेवत राहतो, आणि त्याचें तेलहि थेंबाथेंबानें, पण अखंडच जळत असतें.

हा तेलाचा खर्च कमी कसा करावा, आणि तो करतांना ज्योतच जाणार नाहीं याची खबरदारी कशी घ्यावी, हा प्रस्तुत विषय होय. त्यांतहि मुख्य विचार सॉलिड स्टेट ड्राइव्हचा, म्हणजे ज्यांत कोणतेंहि चक्र फिरत नाहीं अशा ड्राइव्हचा करावयाचा आहे. कारण गैरसमज याच भागाविषयीं अधिक आढळतात. कोणी म्हणतो, यांत फिरणारें कांहींच नाहीं, तेव्हां वीज वांचविण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. दुसरा कोणी उत्साहाच्या भरांत काटकसरीच्या सर्व किल्ल्या अखेरपर्यंत पिळतो, आणि मग एखाद्या सकाळीं घरचा सगळा संग्रह यंत्राला दिसेनासा होतो. खरा मार्ग या दोहोंच्या मध्यें आहे.

प्रथम हिशेब पाहणें इष्ट. एक वॉट वीज घेणारी वस्तु वर्षभर क्षणाचीहि विश्रांति न घेतां चालली, तर ती ८७६० वॉट-तास, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेंत ८.७६ युनिट इतकी वीज घेते. युनिटाला १० रुपये असा सोयीचा दर धरल्यास एका वॉटाची वार्षिक किंमत सुमारें ८८ रुपये होते. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांप्रमाणें चढत जातो. म्हणून प्रत्येक गृहस्थानें आपल्या बिलांतील सर्वांत वरच्या टप्प्याचा दर या जागीं घालावा, कारण वांचणारें युनिट हें नेहमीं वरच्या टप्प्यांतूनच वांचत असतें. ४० वॉट घेणारा सर्व्हर वर्षाला सुमारें ३५० युनिट घेतो. तोच २० वॉटांवर आणला तर १७५ युनिट, आणि वरील दरानें १७५० रुपये वांचतात. उलट, पांच सहस्रांश वॉटावरील ड्राइव्ह तीन सहस्रांशांवर आणण्याची खटपट वर्षाकांठीं वीस पैसेहि मिळवून देत नाहीं. हें तारतम्य मनांत ठेवूनच पुढील विवेचनाकडे वळावें.

सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या पोटांत असतें तरी काय? त्याचा मूळ आधार फ्लॅश स्मृति हा आहे. जपानांतील तोशिबा कंपनींत काम करणारे फुजिओ मासुओका यांनीं ही कल्पना १९८४ सालीं जगापुढें मांडली, आणि आजच्या ड्राइव्हांत वापरला जाणारा नॅंड नांवाचा तिचा प्रकार १९८७ सालीं पुढें आला. फ्लॅशच्या अतिसूक्ष्म कोठड्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो, आणि बाहेरून वीज मिळो वा न मिळो, तो दीर्घकाळ तेथेंच राहतो. म्हणजे माहिती नुसती टिकविण्यासाठीं ड्राइव्हला वीज लागत नाहीं. मग ती जाते कोठें? एक वांटा जातो कंट्रोलरकडे. हा ड्राइव्हचा कारभारी होय. दुसरा वांटा जातो डीरॅम नांवाच्या तात्पुरत्या स्मृतीकडे, जी पुष्कळ ड्राइव्हांत असते आणि जिच्यांतील मजकूर एका सेकंदांत अनेकवार ताजा करावा लागतो, नाहींतर तो पुसून जातो. तिसरा वांटा मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ड्राइव्ह व संगणक यांना जोडणारी जी वेगवान वाहिनी, तिचीं दोन्ही टोकें एकमेकांशीं ताल जुळवून ठेवण्यासाठीं अखंड संदेश पाठवीत राहतात. बोलण्यासारखें कांहींहि नसतां दोन माणसांनीं रात्रभर "ऐकतां ना?" "ऐकतों!" असा घोष चालवावा, तसाच हा प्रकार असतो.

जुन्या हार्ड डिस्कची गोष्ट निराळी होती. ३.५ इंची डिस्क काम नसतांना नुसती फिरत राहण्यासाठीं साधारणतः ३ ते ६ वॉट घेते. चक्र थांबविलें कीं हा खर्च वॉटभर किंवा त्याहून कमी होतो. परंतु तिला पुन्हां गति घेण्यास कित्येक सेकंद लागतात, त्या वेळीं विजेचा मोठा घोंट लागतो, आणि वारंवार थांबण्या-फिरण्यानें यंत्राची झीज होते. म्हणून अशा डिस्कला वीस मिनिटें किंवा अर्धा तास काम नसेल तरच थांबवावें, असा व्यवहार पडला. सर्व्हरच्या पडद्यावर दिसणारी "स्टँडबाय" ची मिनिटें याच डिस्कसाठीं योजलेलीं असतात. हीच मिनिटें सॉलिड स्टेट ड्राइव्हला लावून काटकसर साधली असें मानणें म्हणजे सायकलच्या चाकांना बैलाचे नाल ठोकण्यासारखें आहे. ज्यांत चक्रच नाहीं त्याचें चक्र थांबविण्याची आज्ञा व्यर्थ होय. शिवाय या ड्राइव्हला अर्धा तास वाट पाहण्याची गरजच नसते. तो सेकंदाच्या लहानशा अंशांत निजूं शकतो आणि तितक्याच झटपट उठूंहि शकतो. त्याची काटकसर मिनिटांत न मोजतां मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सहस्रांशांत मोजावयाची असते.

या निजण्याचें स्वरूप जुन्या गृहिणींना चटकन् उमगेल. रात्रीं चूल विझवून टाकण्याऐवजीं विस्तव राखेखालीं झांकून ठेवीत. सकाळीं राख सारली, फुंकर घातली कीं निखारा फुलत असे. राखेचा थर पातळ असला तर विस्तव लवकर फुलतो, पण लांकूडहि अधिक जळतें. थर जाड असला तर लांकूड वांचतें, पण फुंकर अधिक घालावी लागते. आणि थर फारच जाड झाला तर सकाळीं राखेखालीं केवळ राखच सांपडते. ड्राइव्हच्या निरनिराळ्या निद्रावस्था म्हणजे राखेचे असेच कमीअधिक जाड थर होत. त्यांची योजना ड्राइव्हच्या जातीप्रमाणें बदलते, आणि घरगुती सर्व्हरांत मुख्यतः दोन जाती आढळतात.

पहिली जात साटा वाहिनीवर चालणाऱ्या ड्राइव्हांची. येथें निजावयाचें असतें तें मुख्यतः वाहिनीनें. तिच्या दोन निद्रावस्था आहेत. "पार्शल" ही डुलकी. तींतून जागें होण्यास जास्तींत जास्त १० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा दशलक्षांश लागतात. "स्लंबर" ही त्याहून गाढ झोंप. तींतून उठण्याची कमाल मुदत १० मिलिसेकंद. माणसाला या दोहोंपैकीं एकीचाहि पत्ता लागत नाहीं. "डेव्हस्लीप" नांवाची आणखी एक अतिगाढ अवस्था असून तींत ड्राइव्ह अवघ्या कांहीं मिलिवॉटांवर राहतो. परंतु ती मुख्यतः लॅपटॉपसाठीं योजलेली आहे, आणि घरगुती सर्व्हरांत तिच्यासाठीं लागणारी जोडणी बहुधा नसते. तिच्या मागें लागण्यांत अर्थ नाहीं.

लिनक्स प्रणालींत या वाहिनीच्या झोंपेचें धोरण प्रत्येक जोडणीला वेगळें ठरवितां येतें. एका टोकाला "मॅक्स परफॉर्मन्स", म्हणजे झोंप मुळींच नको. दुसऱ्या टोकाला "मिन पॉवर", म्हणजे झोंप जितकी गाढ देववेल तितकी देणें. हें दुसरें टोक कांहीं ड्राइव्हांना मानवत नाहीं, आणि त्यांतून माहितीला अपाय झाल्याच्या तक्रारी पूर्वींपासून आहेत. म्हणून २०१८ सालीं "मीडियम पॉवर विथ डिप्म" हें मधलें धोरण पुढें आलें. त्यांत निजण्याची सूचना संगणकाप्रमाणेंच ड्राइव्हलाहि करतां येते, आणि झोंपेचा बहुतेक लाभ धोका न वाढवितां मिळतो. फेडोरा या लिनक्सच्या प्रसिद्ध आवृत्तीनें त्याच वर्षीं लॅपटॉपांच्या सोयीसाठीं याचा स्वीकार केला. घरगुती सर्व्हरलाहि हेंच धोरण योग्य होय. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. यंत्र चालूं असतांना खोबणींतून ड्राइव्ह काढण्या-घालण्याची सोय ज्या सर्व्हरांत असते, तेथें वाहिनी निजलेली असल्यास नवा ड्राइव्ह आल्याची वर्दी तिला लागत नाहीं. निजलेल्या द्वारपाळाला पाहुणा आलेला कसा कळावा? असा बदल करावयाचा असेल त्या वेळीं हें धोरण तात्पुरतें मागें घ्यावें.

दुसरी जात एनव्हीएमई ड्राइव्हांची. हे च्युइंगगमच्या वडीसारखे लांबट व चपटे असून संगणकाच्या मुख्य फलकावरच बसतात. यांचा वेग दांडगा, आणि जागेपणींची भूकहि तशीच. भर कामांत कित्येक वॉट आणि निजूं न दिल्यास रिकामपणींहि अर्ध्यापासून दोन वॉटांपर्यंत वीज असा ड्राइव्ह घेऊं शकतो. या ड्राइव्हांच्या नियमावलींत ० पासून ३१ पर्यंत ३२ शक्ति-अवस्थांना जागा ठेवलेली आहे; पुष्कळ घरगुती ड्राइव्हांत त्यांपैकीं पांच असतात. पहिल्या तीन काम करण्याच्या, मंद-तीव्र अशा; आणि शेवटच्या दोन केवळ निजण्याच्या. शेवटच्या अवस्थेंत ड्राइव्ह ५ मिलिवॉटांच्या आसपास राहतो. म्हणजे जागेपणीं रुपया खर्च करणारा झोंपेंत पैशावर राहतो!

विशेष हें कीं, प्रत्येक ड्राइव्ह आपल्या अवस्थांचा तक्ता स्वतःच सांगतो: अमुक अवस्थेंत जास्तींत जास्त इतकी वीज, तींत शिरण्यास इतका वेळ, बाहेर येण्यास इतका वेळ. हा तक्ता पाहून कोणत्या अवस्थेंत किती वेळानें जावें हें संगणक ड्राइव्हला एकदांच नेमून देतो आणि पुढें ड्राइव्ह आपल्या आपणच निजतो व उठतो. या सोयीला एपीएसटी म्हणतात. ती नियमावलींत २०१२ सालीं आली, आणि लिनक्सच्या गाभ्यांत २०१७ सालीं ४.११ या आवृत्तीपासून. त्या वेळीं योजलेला नियम मोठा सुबोध होता: निजण्या-उठण्यास मिळून जितका वेळ लागतो, त्याच्या पन्नासपट वेळ काम आलें नाहीं तरच निजावें. घरीं जाण्या-येण्यास दोन मिनिटें लागणाऱ्या कारकुनानें कचेरींत शंभर मिनिटें काम नसेल तरच घरीं जावें, असाच हा न्याय होय. त्यामुळें जाण्या-येण्यांत जाणारा काळ एकंदरींत शेंकडा दोनांच्या वर जात नाहीं. पुढें या नियमांत फेरफार झाले, पण त्यामागील विचार तोच राहिला.

येथपर्यंतचा हिशेब केवळ ड्राइव्हपुरता झाला, आणि तेवढ्यावर थांबल्यास वाचक म्हणेल, एक-दोन वॉटांसाठीं एवढा खटाटोप कशाला? याचें उत्तर ड्राइव्हमध्यें नसून प्रोसेसरमध्यें आहे. आजचा प्रोसेसर रिकामा असतां एकामागून एक आपल्या खोल्यांतील दिवे मालवीत जातो. या पायऱ्यांना सी-अवस्था म्हणतात; आंकडा जितका मोठा तितकी झोंप गाढ. परंतु प्रोसेसरला अगदीं खालच्या पायरीवर उतरावयाचें असेल, तर त्याला जोडलेल्या पीसीआय एक्स्प्रेस वाहिन्याहि निजलेल्या असाव्या लागतात. या वाहिन्यांच्या झोंपेच्या व्यवस्थेला एएसपीएम असें नांव आहे. एकत्र कुटुंबांत शेवटचा माणूस घरीं येईपर्यंत ओसरीवरचा दिवा मालवितां येत नाहीं, व दिवा आहे तोंवर कोणी वृद्ध जागें राहतें. त्याचप्रमाणें एखादा ड्राइव्ह किंवा एखादें जादा कार्ड जागें राहिलें, तर त्याच्या एकट्यासाठीं सबंध प्रोसेसर वरच्या पायरीवर तिष्ठत बसतो. अशा वेळीं ड्राइव्हच्या एका वॉटासाठीं यंत्राचे कित्येक वॉट वांयां जातात. म्हणून ड्राइव्हला निजविणें हें त्याच्या स्वतःच्या बचतीसाठीं जितकें आवश्यक, त्याहून अधिक इतरांना निजूं देण्यासाठीं आवश्यक आहे. ही व्यवस्था पुष्कळ संगणकांच्या बायॉसमध्यें आरंभीं बंद असते. ती तेथें जाऊन उघडावी लागते. अधिक ड्राइव्ह जोडण्यासाठीं घेतलेलें जुनें कार्ड या झोंपेला अनुकूल आहे कीं नाहीं, हेंहि खरेदीपूर्वींच पाहावें. कारण असें कार्ड स्वतः वीज खातें तें वेगळेंच.

निजण्याची सोय केली तरी झोंप लागेलच असें नाहीं; कोणी मध्येंच हांका मारीत असेल तर ती कशी लागावी? सर्व्हरांत अशा हांका मारणारे पुष्कळ असतात. कारभाराची रोजनिशी लिहिणारा प्रोग्राम दर कांहीं सेकंदांनीं एखादी ओळ खरडतो. छायाचित्रांची सूची करणारा, चित्रपटांची यादी ठेवणारा, घरांतील दिव्यांचीं बटनें सांभाळणारा, असे अनेक प्रोग्राम आपापल्या वह्या उघडून बसलेले असतात. ड्राइव्हच्या प्रकृतीची चौकशी करणारा पहारेकरी दर मिनिटास "कसें काय?" म्हणून विचारीत असेल, तर आजाऱ्याला वारंवार उठवून "झोंप लागली का?" असें विचारण्यासारखेंच तें होतें; ही चौकशी अर्ध्या तासानें केली तरी पुरते. ट्रूनास प्रणालींत सर्व्हरचा स्वतःचा कारभारी मजकूर आरंभीं निर्माण केलेल्या माहिती-संचांतच जाऊन बसतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. तो दुसऱ्या ड्राइव्हवर हलवितां येतो. यावरून एक चांगला नियम निघतो. सदैव लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या सर्व प्रोग्रामांसाठीं एक लहान ड्राइव्ह वेगळा काढावा, व घरचा मोलाचा संग्रह दुसऱ्या ड्राइव्हांवर ठेवावा. मग एक जागतो आणि बाकीचे निजतात. दिंडीदरवाजापाशीं एक पहारेकरी जागा असला म्हणजे वाड्यांतील मंडळींनीं जागरण करण्याचें कारण उरत नाहीं.

आतां धोक्याचा विचार. सर्वच ड्राइव्ह झोंपेंतून शहाण्यासारखे उठत नाहींत. कांहीं ड्राइव्ह आपल्या तक्त्यांत सांगितलेली मुदत पाळीत नाहींत; कांहीं ड्राइव्ह एका संगणकांत नीट वागतात व दुसऱ्यांत अडतात. लिनक्सच्या गाभ्यांत अशा हट्टी जोड्यांची एक अपवाद-सूचीच ठेवलेली असून त्यांना गाढ झोंपेपासून दूर ठेवण्यांत येतें. दुखणें उद्भवतें तें असें. संगणक कांहीं मागतो; ड्राइव्ह उत्तर देत नाहीं; संगणक साधारणतः ३० सेकंद वाट पाहतो, मग ड्राइव्हला हलवून उठविण्याचा यत्न करतो, आणि तोहि फसला म्हणजे ड्राइव्ह नाहींसा झाला असें समजून चालतो. दोन ड्राइव्हांवर एकाच मजकुराच्या जुळ्या प्रती ठेवणाऱ्या रचनेंत अशा वेळीं एक प्रत गळते आणि संच "डिग्रेडेड", म्हणजे पंगु, म्हणून दिसूं लागतो. दोन्ही ड्राइव्ह एकाच जातीचे, एकाच दिवशीं घेतलेले असतील, तर दोघांचा दोषहि एकच असण्याचा संभव असतो.

या प्रसंगीं घरच्या माणसाच्या हातून जी चूक होते, ती ड्राइव्हच्या दोषाहून घातक ठरूं शकते. घाबरून तो ड्राइव्ह "नव्यानें तयार" करण्याचें बटन दाबलें जातें, आणि जी माहिती केवळ झोंपेच्या कुलपांत अडकलेली होती ती खरोखरच पुसली जाते. वास्तविक अशा वेळीं ड्राइव्ह बहुधा मेलेला नसतो. यंत्र रीतसर बंद करावें, भिंतींतील बटनहि बंद करून मिनिटभर थांबावें, आणि मग पुन्हां सुरू करावें. नुसतें "रीस्टार्ट" पुरत नाहीं, कारण त्यांत ड्राइव्हचा वीजपुरवठा तुटतोच असें नाहीं. ड्राइव्ह परत आला तर प्रथम मोलाचा मजकूर दुसरीकडे उतरून घ्यावा, मग गाढ झोंप बंद करावी, व शक्य तर निर्मात्यानें दिलेली कंट्रोलरची सुधारित प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, घालावी. एनव्हीएमई ड्राइव्हच्या बाबतींत सगळीच झोंप बंद करण्याची गरज नसते. उठण्याची मुदत आखडून दिली म्हणजे तो उथळ अवस्थेपर्यंत जातो आणि शेवटच्या पायरीवर उतरत नाहीं. बचतीचा मोठा भाग तरीहि पदरांत पडतो.

म्हणून काटकसरीचा प्रयोग हा शाळेंतील प्रयोगाच्या शिस्तीनेंच करावा. पिनेच्या आणि सॉकेटच्या मध्यें बसविण्याचा वॉटमीटर प्रथम आणावा, व कांहींहि न बदलतां दिवसभराचा खर्च मोजून वहींत टिपावा. संग्रहाची दुसरी प्रत घराबाहेर सुरक्षित आहे, याची खात्री करून घ्यावी. ती नसेल तर प्रयोगाला हातच घालूं नये. मग एका वेळीं एकच बदल करावा: आधीं बायॉसमधील एएसपीएम, नंतर साटाचें मधलें धोरण, नंतर एनव्हीएमईची स्वयंनिद्रा. प्रत्येक बदलानंतर आठवडाभर थांबावें, वॉटमीटर वाचावा, आणि यंत्राच्या रोजनिशींत वाहिनी तुटल्याच्या किंवा मुदत टळल्याच्या नोंदी आहेत काय तें पाहावें. अखेर संचाची संपूर्ण उजळणी, जिला "स्क्रब" म्हणतात, ती एकदां करून प्रत्येक अक्षर ताडून घ्यावें. पॉवरटॉपसारखें साधन प्रोसेसर कोणत्या पायरीपर्यंत उतरतो हें उत्तम दाखवितें. परंतु त्यांतील जी एक आज्ञा सर्व किल्ल्या एकदम फिरविते ती टाळावी, कारण पुढें कांहीं बिघडलें तर कोणत्या किल्लीनें बिघडलें हें सांगतां येत नाहीं.

झोंप आणि वीज जाणें यांत मात्र अंतर आहे, आणि तें विसरतां कामा नये. निजण्यापूर्वीं ड्राइव्ह आपलें दप्तर आवरून ठेवतो. अवचित वीज गेली तर तें हातांतच राहतें. संगणकाला "लिहिलें" असें सांगितलेला मजकूर कांहीं क्षण तात्पुरत्या स्मृतींत असूं शकतो, आणि घरगुती ड्राइव्हांत तो तेवढ्या वेळांत फ्लॅशपर्यंत पोंचविण्यापुरती वीज सांठवून ठेवणारे कपॅसिटर बहुधा नसतात. एनव्हीएमई ड्राइव्ह अशा अवचित बंद पडण्याची मोजणी स्वतः ठेवतो. तो आंकडा दर महिन्यास चढत असेल तर त्या घराला झोंपेच्या बचतीपेक्षां यूपीएसची गरज अधिक आहे. यूपीएस व सर्व्हर यांना केबलनें जोडलें म्हणजे बॅटरी संपत आल्याची सूचना मिळून सर्व्हर आपल्या आपण रीतसर बंद होतो.

त्याचप्रमाणें, वीज वांचविण्यासाठीं ड्राइव्ह काढून कपाटांत ठेवणें हा उपाय दिसतो तितका निर्धोक नाहीं. कोठडींत कोंडलेला भार हळूहळू पाझरत असतो, आणि उष्णतेनें तो अधिक पाझरतो. जेडेक या संस्थेच्या प्रमाणाप्रमाणें घरगुती वापराच्या ड्राइव्हनें, त्याची लेखनाची ठरीव मर्यादा संपल्यावरहि, विजेवांचून ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवावी अशी अपेक्षा आहे. कचेऱ्यांतील मोठ्या ड्राइव्हांकडून ती ४० अंशांत तीनच महिन्यांची आहे. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक टिकतो हें खरें. तथापि नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालच्या खोलींत वर्षानुवर्षें पडलेल्या ड्राइव्हवर एकुलता एक संग्रह सोंपविणें शहाणपणाचें नव्हे. उलट जो ड्राइव्ह सर्व्हरमध्येंच निजला आहे, त्याला वीज मिळत राहते व कंट्रोलरला मधूनमधून घर झाडून घेण्याची, म्हणजे रिकामे झालेले गाळे आवरण्याची व मजकूर नव्या जागीं हलविण्याची सवड असते. निजल्यामुळें ड्राइव्ह थंडहि राहतो, हा त्या झोंपेचा दुसरा लाभ.

या सर्वांवरून काटकसरीचा क्रम आपोआपच ठरतो. जेथें फिरणाऱ्या अनेक हार्ड डिस्क आहेत तेथें त्यांचीं चक्रें, जेथें अनावश्यक कार्ड आहे तेथें तें कार्ड, आणि जेथें प्रोसेसर उगाच जागा राहतो तेथें त्याला जागविणारी वाहिनी, हे मोठे चोर आधीं धरावेत. सॉलिड स्टेट ड्राइव्हला मध्यम झोंप द्यावी. तेवढ्यानें त्याच्याकडून मिळण्यासारखें बहुतेक सर्व मिळतें. शेवटच्या पायरीचा आग्रह ड्राइव्ह आनंदानें पुरवीत असेल तर धरावा, कुरकुरत असेल तर सोडावा. वर्षाकांठीं वांचलेल्या शंभर रुपयांचें मोल बिलावर लिहिलेलें असतें. आजोबांच्या आवाजाचें मोल कोठेंच लिहिलेलें नसतें, आणि तो एकदां गेला म्हणजे कोणत्याहि बाजारांत पुन्हां मिळत नाहीं. ज्यानें दुसरी प्रत करून ठेवली आहे त्यानेंच काटकसर करावी. ज्यानें ती केली नाहीं त्यानें वांचणाऱ्या पैशांतून प्रथम तिचीच सोय करावी.